चौदाव्या धड्याच्या अलीकडे

देवळाली प्रवरा
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

ती. सत्यशीला वहिनी,

नमस्कार लिहावा की नाही, यात चार दिवस गेले. लिहितो. नमस्कार.

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवला आहे, म्हणून टपालानं कळवतोय. पत्ता तुमच्या वडिलांच्या नावानं घातला आहे. घोडेगावात तात्या दलाल म्हटलं की पोस्टमन जनावरांच्या बाजारातसुद्धा गाठून देतो.

काम असं आहे. गोरक्षदादा ग्रीस देशात ज्या गावी गेला, त्या गावच्या नगरपालिकेकडून एक कागद आला आहे. त्यावर पत्नीची सही लागते. सही झाल्यावर नोटरी, मग मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचा, मग कुरिअर. मूळ कागद तिथं १४ नोव्हेंबरच्या आत पोहोचायला हवा. नेहमीसारखा सरकारी कागद आहे, काळजी करू नका. राहुरीला कधी येता ते कळवा, मी नोटरीकडे थांबतो.

कागद ग्रीक भाषेत आहे आणि तो मी स्वतः वाचला. तुम्हाला खोटं वाटेल. अकरावीत शाळा सोडलेला माणूस परकी भाषा काय वाचणार? पण मी शिकलो. अजीजभाईंच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवायच्या, त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासायचे आणि झेरॉक्स काढायच्या, हेच माझं काम अजूनही आहे. तिथल्याच मशीनवर मी एक व्याकरणाचं पुस्तक छापून घेतलं. इंग्रजी बोलणाऱ्यांना ग्रीक शिकवण्यासाठी ते लिहिलेलं आहे. म्हणजे मला प्रत्येक ओळ दोनदा ओलांडावी लागते, आधी इंग्रजी, मग ग्रीक.

तरी एक गंमत सांगतो. पुस्तक इंग्रजी विद्यार्थ्यांना सारखं धीर देत असतं. म्हणतं, घाबरू नका, या भाषेत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी असतं. मी वाचून थांबलो. आपल्याकडेही ती खुर्ची आणि ते टेबलच. वडीलधाऱ्यांशी अनेकवचनात बोलावं, हे समजवायला त्यांनी दीड पान घालवलं आहे. मला त्यातली एक ओळ पुरली. अवघड फक्त आघात. दोन किंवा जास्त अक्षरांच्या प्रत्येक शब्दावर एक बारीक रेघ द्यावी लागते, ती राहिली तर शब्द अशुद्ध. मला ते आवडलं.

अजीजभाई विचारतात, "काय रे करण, ग्रीसची नवरी बघितली का? पत्रिका फुकट छापून देतो, पण प्रूफ तूच बघायचं."

सहीचं विसरू नका. १४ नोव्हेंबर.

करण


देवळाली प्रवरा
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनी,

तुमच्या भावाच्या फोनवरून आलेला निरोप मिळाला. "कसला कागद? सही पायजे तर ते सोता का मागत न्हाईत?" एवढाच होता. मी तो आठ-दहा वेळा वाचला.

ते स्वतः मागू शकत नाहीत. दादा नाही, वहिनी. दादा वारला आहे.

मागच्या पत्रात मी 'दादा ज्या गावी गेला' असं लिहिलं. 'कामाला आहे' लिहिता येईना आणि 'कामाला होता' लिहायला हात होईना, म्हणून 'गेला'. शब्द शोधण्यात मी हुशार आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

झालं ते असं. लारिसा नावाच्या शहराजवळ एका मेंढ्या-गाईंच्या गोठ्यावर तो कामाला होता. चाऱ्याची ट्रॉली उतारावर उलटली, दादा खाली सापडला. तारीख ११ नोव्हेंबर २०२२. त्याचा पासपोर्ट लगेच सापडला नाही, गोठ्यातल्या पत्र्याच्या पेटीत नंतर मिळाला. तोवर त्यांनी १४ तारखेला त्याला गावच्या दफनभूमीत पुरलं होतं. दहन तिकडे सहसा करत नाहीत.

आता कागदाचं. तिथं जागा कमी आहे, म्हणून कबर तीनच वर्षांसाठी देतात. तीन वर्षं झाली की माती उकरून हाडं वर काढतात. हे त्यांच्या स्वतःच्या माणसांचंही असंच होतं, यात अपमान नाही. घरचं कोणी असेल तर हाडं धुऊन पेटीत घालून त्याच्या हवाली करतात. कोणी नसेल तर ती एका सामाईक खड्ड्यात टाकतात, सगळ्यांची एकत्र. त्या खड्ड्याला खोनेफ्तिरी म्हणतात. मी शब्दकोशात पाहिलं, अन्न पचवण्याच्या क्रियापदावरून तो शब्द आहे.

हाडांना त्यांचा शब्द ओस्ता. आपल्या अस्थीच्या इतका जवळचा की मी शब्दकोश मिटून ठेवला.

तुमची सही त्यासाठी हवी आहे. सही पोहोचली तर अस्थी पेटीतून इकडे येतील. नाही पोहोचली तर नाही.

कागद मला आत्ता कुठं पूर्ण वाचता आला, म्हणून उशीर झाला. आईला अजून सांगितलेलं नाही. बायपास झाल्यापासून डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलं आहे. दिशाला तिच्या वडिलांचं कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

करण


देवळाली प्रवरा
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनी,

काल शुक्रवारी मी घोडेगावला येऊन गेलो, हे तात्यांनी सांगितलंच असेल. घरी यायचं धाडस झालं नाही, बाजारातच गाठलं. तात्या एका जाफराबादी म्हशीचा सौदा करत होते. एका बाजूला विकणारा, दुसऱ्या बाजूला बेलापूरचा घेणारा, मध्ये तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पसरलेला आणि त्याखाली हात. वरून माणसं हवापाण्याचं बोलत होती, खाली बोटं भाव करत होती. मी बाजूला उभा राहिलो.

सौदा झाला. मला बघून ते म्हणाले, "आलास व्हय. पोरगी चार दिस जेवली न्हाई."

मी म्हणालो, "तात्या, सही—"

"सही करंल. तिची खुशाली न्हाई, सही मागतुयास तू. मला एक सांग. तुला कवा कळलं?"

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. चार ओळखीची. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझा हात ओढून टॉवेलखाली घेतला आणि पंजा उघडा धरला. वरून म्हणाले, "यंदा ऊस बरा हाय म्हनं तुमच्याकडं."

मी म्हणालो, "बरा आहे." आणि त्यांच्या तळव्यात तीन बोटं दाबली.

ते म्हणाले, "महिनं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी हात सोडला नाही. जनावराचा दात बघतात तसं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. बाजारातल्या एकालाही काही कळलं नाही. त्यांनी मला तेवढं झाकलं, हे मी विसरणार नाही.

आता जे बोटांनी सांगितलं ते लिहून देतो. पावणेतीन वर्षं. बोटांना पाव मोजता येत नाही.

पहिलं पत्र जानेवारी २०२३ मध्ये दुकानाच्या पत्त्यावर आलं, दादानं तिकडे तोच पत्ता दिला होता. मी त्यावर मोबाईल धरला. मोबाईलनं लगेच मराठीत सांगितलं: मृत, अपघात, दफन. मी मोबाईल खिशात ठेवला आणि स्वतःला समजावलं, की मशीनचं भाषांतर चुकतं. चुकतंच, वहिनी. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' याचं त्यानं काय केलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हटलं, मी स्वतः ती भाषा शिकेन, स्वतः वाचेन, खात्री झाली की मगच सांगेन. असलं पत्र चुकीचं वाचून कोणाच्या घरी जायचं नसतं. तेव्हा हे मला अगदी बरोबर वाटलं.

मग पुस्तक छापलं. लिपीला एक महिना लावला. लिंगविचार, विभक्ती, वर्तमानकाळ. प्रत्येक धड्याखालचे प्रश्न मी दोनदोनदा सोडवले. 'माझा भाऊ शेतात आहे.' ओ आदेल्फोस मू इने स्तो खोराफी. हे वाक्य मी तीन वह्या भरून फिरवलं. माझा भाऊ काम करतो. माझ्या भावाचं घर. माझ्या भावाला भूक लागते. भूतकाळ चौदाव्या धड्यात होता. मी तेराव्या धड्यावर आठ महिने थांबलो. उजळणी करतोय असं म्हणायचो.

शेवटी चौदावा उघडला. ग्रीक भूतकाळ दोन तऱ्हेचा असतो. एग्राफा म्हणजे मी लिहीत होतो. एग्राप्सा म्हणजे मी लिहिलं, संपलं. पत्रातलं क्रियापद दुसऱ्या तऱ्हेचं होतं. ते शब्दकोशात शोधायला गेलो तर तिथं क्रियापदं 'मी'च्या रूपात देतात. दादाचं मरण मला 'पेथेनो' या शब्दाखाली सापडलं. अर्थ दिला होता, 'मी मरतो'.

यातलं कशाचंही निमित्त होत नाही, हे मला कळतं. कारण त्याच पाकिटात एक इंग्रजी फॉर्म होता, जवळच्या नातेवाइकाचा. तो मी फेब्रुवारी २०२३ मध्येच भरून पाठवला होता. पुस्तक अजून लिपीवर होतं आणि फॉर्म गेला होता. म्हणजे मला माहीत होतं. त्यावर मी माझं नाव घातलं. तुमचं घालायला हवं होतं. पण तुम्ही माहेरी गेल्यावर आईच्या सांगण्यावरून तुमचं नाव रेशनकार्डावरून मीच कमी करून आणलं होतं. आमच्याकडे असंच असतं ना, कार्डावर नाव नाही म्हणजे माणूस घरातलं नाही. मला ते चुकीचंसुद्धा वाटलं नाही. आता तिथले लोक म्हणतात, पासपोर्टवर पत्नीचं नाव आहे, भावाची सही चालणार नाही.

आईला मी सांगत आलो, की दादाचा फोन दुकानावर येतो. ती दर दिवाळीला शेंगदाण्याची चटणी करून देते, त्याला पाठव म्हणून. मी पिशवी घेऊन निघतो.

आणि जुलै २०२३. तुम्ही दिशाच्या शाळेचे दाखले झेरॉक्स करायला दुकानात आलात. पैसे देताना विचारलंत, "भाऊजी, काही पत्र?" मी म्हणालो, "नाही."

पत्र तेव्हा माझ्या समोरच्या खणात होतं.

करण


देवळाली प्रवरा
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनी,

काल तुम्ही तात्यांबरोबर आलात, सही केलीत आणि गेलात. मी दुकानात एकाही गोष्टीचं नीट उत्तर दिलं नाही. अजीजभाईंनी शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसले होते, तरी मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणालात, "आदी वाचा." मी मराठी भाषांतर काढलं. तुम्ही म्हणालात, "ते न्हाई. त्यांच्या भाषेतलं. कुनीतरी तिथं बसून लिवलंय, ते कसं वाजतंय ते ऐकू द्या."

मी दोन्ही पानं वाचली. तुम्ही विचारलंत, "शिकून वाचलं तरी तेच निघालं ना?" मी 'हो' म्हणालो नाही. तेच निघालं. मोबाईलनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता.

मग तुम्ही तुमचं नाव कुठं आहे ते विचारलंत. मी दाखवलं. तुम्ही त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालात, "तुमच्या कार्डावर न्हवतं, तिथं व्हतं."

तुम्ही म्हणालात, "शेवगावचं स्थळ आलं व्हतं. मानूस चांगला व्हता, बायको वारलेली, दिशाला पदरात घ्याया तयार व्हता. तुमच्या दुकानातनं गेले त्याच दिवशी मी घरी सांगितलं, माझा मानूस जित्ता हाय. भाऊ म्हनला, कशावरनं? मी म्हनलं, करणभाऊजींनी सांगितलं पत्र न्हाई. ते काना-मात्रा चुकत न्हाईत, ते खोटं कसं बोलतील?"

हे तुम्ही रडून म्हणाला असतात तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, आईच्या तब्येतीमुळं थांबलो. तेव्हा तुम्ही विचारलंत, "आईला जपलं का सोताला?" याचं उत्तर आज लिहितो. स्वतःला. तुम्ही घर सोडून गेलात त्या वर्षी दादा मला म्हणाला होता, "मी जातो, तू आईला समजव आणि तिला परत आण." मी समजावलं नाही. उलट कार्ड दुरुस्त करून आणलं. तो गेला आहे हे कळलं असतं, तर सगळ्यांनी मलाच विचारलं असतं, की तू काय केलंस? तो जिवंत आहे तोवर ते काम माझ्याकडे शिल्लक होतं.

तुमची अट मला मान्य आहे. "हाडं आली तर माझ्या हातात द्यायची. प्रवरासंगमाला मी आन दिशा जाऊ. तुमी यायचं न्हाई." मी येणार नाही.

कागद आज सकाळी नोटरी करून मुंबईला माणसाबरोबर पाठवला. स्कॅन करून नगरपालिकेला ईमेलही केला. त्यांचं उत्तर तासाभरात आलं, की स्कॅन मिळालं, मूळ कागदाशिवाय काही करता येत नाही. तुमच्या सहीत 'शी' दीर्घ आहे, पासपोर्टवरच्या इंग्रजी नावातल्या 'ee'शी जुळते. सतरा दिवस आहेत.

आईला उद्या सांगतो.

करण


देवळाली प्रवरा
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ती. वहिनी,

आज सकाळी साडेअकराला नगरपालिकेचं उत्तर आलं. दुपारच्या टपालाच्या आत हे पत्र टाकतो आहे, आणि तात्यांना फोन करून ते तुम्हाला आजच सांगायची विनंती केली आहे. पत्र पोहोचेल तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल.

अस्थी मिळणार नाहीत.

त्यांनी १८ नोव्हेंबरला कबर उघडली. मुदतीनंतर चार दिवस थांबले होते. घरच्यांचा मूळ कागद नसल्यामुळं अस्थी सामाईक खड्ड्यात ठेवल्या. आपला कागद २६ तारखेला पोहोचला. मी फोन केला. तिथल्या बाई सावकाश बोलल्या, म्हणून मला समजलं. मी विचारलं, वेगळ्या काढता येतील का? त्या म्हणाल्या, त्यात शंभर वर्षांची माणसं आहेत. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांना वाईट वाटतं. खाली उतरवताना त्या स्वतः तिथं उभ्या होत्या आणि पाद्र्यानं दादाचं नाव घेतलं, एवढं त्यांनी सांगितलं.

आता शेवटचं जे तुम्हाला माहीत नाही ते. मुंबईला आणि दिल्लीला मिळून तेवीस दिवस लागले, पण उशीर त्यांचा नाही. नगरपालिकेची पहिली सूचना माझ्या ईमेलवर ९ जूनला आली होती. दुसरी ४ ऑगस्टला. दोन्हींत लिहिलं होतं, की पत्नीची सही आणा. दोन्ही मी वाचल्या, मोबाईल न लावता वाचल्या, एकही शब्द अडला नाही. तुम्हाला पहिलं पत्र मी २९ सप्टेंबरला लिहिलं. जूनमध्ये लिहिलं असतं तर पेटी गणपतीच्या आधी आली असती. बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला दोनदा कळवलं होतं." मी म्हणालो, "हो, कळवलं होतं." हे त्यांना सांगितलं आणि तुम्हाला नाही, असं व्हायला नको.

आईला २९ ऑक्टोबरलाच सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं विचारलं, "कवा?" मी म्हणालो, "तीन वर्षं झाली." बराच वेळ तिचे हात चालू होते. मग म्हणाली, "मंग चटनी कोन खात व्हतं?"

मी म्हणालो, "मी."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते. छातीत काही झालं नाही, डॉक्टरांना दाखवून आणलं. ज्या भीतीनं मी तीन वर्षं गप्प राहिलो, ती खोटीच होती. रविवारी तिनं शेजारच्या मालनबाईंकरवी मला निरोप दिला, की सत्यशीलेच्या वाटणीचं काही सांगायचं असेल तर आधी तिला सांग, मग मला. म्हणून आजची बातमी अजून तिला दिलेली नाही. तुम्हाला पोहोचली असं तात्यांनी कळवलं की तिला सांगेन.

तुमच्या गुरुजींकडे मी परस्पर चौकशी केली, त्याबद्दल माफ करा. ते म्हणाले, अस्थी नसतील तर पळसाच्या पानांचा देह करून दहनविधी करता येतो, मुलीच्या हातून चालतो. करायचा की नाही, कुठं करायचा, हे तुम्ही आणि दिशा ठरवा. मला कळवायची गरज नाही.

फक्त त्यांना तिथी लागेल. मी जुन्या पंचांगात दोनदा पाहून खात्री केली. ११ नोव्हेंबर २०२२ म्हणजे कार्तिक वद्य तृतीया, शुक्रवार. या तीन वर्षांत ती तीनदा येऊन गेली. मागच्या महिन्यात आली तेव्हा तुम्हाला माहीत होतं की तो नाही, पण तिथी कुठली हे मी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही विचारावं असं मी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

पुढची २०२६ मध्ये येईल. त्या दिवशी त्याला पान वाढा.

करण